रांगेतला शेवटचा गडी

पडद्यावर बाजा सुरू झाला तसे उखर्डूआबा बाकावरून उठले. रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडत, धोतराचा सोगा सावरत ते दाराकडे निघाले. मागून कुणीतरी हसून म्हणालं,

"आबा, बसा ना. खरा नाच तर आता हाये."

आबा थांबले नाहीत. दारावरचा जाड काळा पडदा सारून ते बाहेर आले आणि दुपारच्या उन्हात डोळे बारीक करून उभे राहिले. तिकीट खिडकीशेजारी टॉकीजचे मॅनेजर रतिलालभाई स्टुलावर बसले होते. या शेतकऱ्याकडे त्यांचं लक्ष पहिल्यापासून होतं. हा सिनेमा पुन्हा पुन्हा पाहणारे पुष्कळ होते, पण ते उशिरा यायचे आणि नाच संपला की उठायचे. हा माणूस सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा आणि नाच सुरू झाला की बाहेर पडायचा.

"आबा, आजही अर्ध्यातून?"

"झालं माझं."

"आत काही त्रास होतो का? उद्या पंख्याखाली जागा देतो."

"नको. तिथूनच बरं दिसते," आबा म्हणाले आणि खांद्यावरचं उपरणं झटकून गाडीतळाकडे चालू लागले.

त्या सिनेमानं जळगावात खळबळ उडवून दिली होती. मुंबईतल्या बड्या घरच्या पोरापोरींची ती गोष्ट. रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या बंगल्यावर पार्टी. दारूबंदी असल्यामुळे दारू चहाच्या किटलीतून कपात ओतायची आणि वर बशी झाकायची. एका संध्याकाळी सगळ्यांनी तान्ह्या मुलांची झबली घालायची, दुसऱ्या संध्याकाळी रेशमी कपडे मुद्दाम फाडून भिकारी व्हायचं आणि एकमेकांच्या कटोऱ्यात अंगठ्या टाकायच्या. ज्यानं हा सिनेमा काढला होता त्याला या मंडळींचा मनस्वी राग असावा. खाणारी तोंडं त्यानं इतक्या जवळून दाखवली होती की पाहणाऱ्यानं आपलंच तोंड पुसावं. पण हा राग जळगावात फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. कॉलेजच्या पोरांना त्यात पोरींचे पाय दिसले आणि त्यांनी शिट्ट्या मारल्या. म्हाताऱ्यांनाही पायच दिसले आणि त्यांनी सिनेमा बंद करायचं ठरवलं.

जळगावापासून दोन कोसांवरच्या आबांच्या गावात या कामी तोताराम पाटलांनी पुढाकार घेतला. कलेक्टरकडे अर्ज द्यायचा, त्यावर गावातल्या वजनदार माणसांचे अंगठे आणि सह्या घ्यायच्या. कुणीतरी म्हणालं, आधी पाहून तर या, विचारलं तर काय सांगाल? म्हणून एका बुधवारी सगळे एकाच गाडीत बसून जळगावला आले. उखर्डूआबांना त्यांनी आग्रहानं घेतलं होतं. ज्याच्या केळीच्या बागेत मजूरसुद्धा शिवी देत नाही, तो माणूस बरोबर असला म्हणजे अर्जाला जोर येणार होता.

आबांनी त्याआधी सिनेमा पाहिला नव्हता. पहिला बराच वेळ ते मान खाली घालूनच बसले होते. तेवढ्यात शेजारी बसलेले तोताराम म्हणाले,

"पाहा, पाहा. आता आपलीच नक्कल करू राह्यले."

आबांनी वर पाहिलं. पार्टी शेतकऱ्यांची होती. बंगल्याच्या बागेत लाकडी फळ्यांची खोटी विहीर उभी केली होती, लॉरीनं आणलेला कडबा पसरला होता. पोरं कोरी धोतरं नेसून, तोंडाला काजळाच्या मिशा काढून नांगरावर बसली होती. मग टाळ्या वाजल्या आणि एका बाजूनं गडी केळीचे घड घेऊन आले. पहिल्यानं घड दांड्याला धरून बॅगेसारखा लोंबकळत आणला होता. दुसऱ्यानं पोटाशी धरला होता. बाकीच्यांनीही तसेच, जमेल तसे. रांगेतल्या शेवटच्या गड्यानं मात्र खांद्यावर वाळल्या पानांची जाड घडी घातली होती, तिच्यावर घड आडवा निजवला होता आणि दुसरा हात मागून घालून फण्यांना आधार दिला होता. बाकीच्यांनी आपापले घड टेबलावर आदळले. हा गुडघ्यात वाकला, एका हातानं खांद्यावरची पानं ओढून खाली अंथरली आणि लेकराला पाळण्यात ठेवावं तसा घड त्यांच्यावर उतरवला. मग सरळ होऊन त्यानं घाम पुसला आणि समोर पाहिलं.

ओठांवर मिशी आली होती. तेवढाच फरक होता. दुसऱ्याच क्षणी पाठमोरी नटी आड आली, तिनं घडातलं एक केळं तोडून कुणाच्या तरी अंगावर फेकलं, हशा पिकला आणि बाजा सुरू झाला.

परतीच्या वाटेवर गाडीत सगळे एकदम बोलत होते. गावात पोचल्यावर तोतारामांनी चावडीत अर्ज पुढे केला. आबांनी हात मागं घेतला.

"मी नही करत अंगठा."

"का बरं?"

"मले त्यात वाईट काही दिसलं नही."

आबा जोडे घालून घरी गेले.

आपण पाहिलं ते खरं की भास, हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं. त्यांचा मुलगा लीलाधर घरातून गेला त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. केळी कापणीचा दिवस होता. पोराला नाटकाचा नाद, गणपतीत करायच्या नाटकातलं भाषण तो मनाशी घोकत होता, आणि त्या नादात खांद्यावरचा घड निसटून बांधावर फुटला. आबांनी मजुरांच्या देखत त्याच्या कानाखाली वाजवली आणि म्हणाले, "पुन्हा तोंड दाखवू नको." बापाच्या तोंडून रागात येतं तसं ते आलं होतं. पोरानं मात्र ते ऐकलं. कुणी सांगितलं, भुसावळच्या स्टेशनावर दिसला. कुणी सांगितलं, मुंबईत पटकीची साथ आहे, पोरं रस्त्यावर मरून पडतात. आबा दोनदा मुंबईला जाऊन आले, पण त्या माणसांच्या समुद्रात कुणाला विचारायचं हेच कळलं नाही. मग घरात त्याचं नाव निघेनासं झालं. मुंबईचा पाहुणा गावात आला की आबांची बायको बेबाबाई त्याला पाण्याचा तांब्या द्यायची आणि तो काय बोलतो ते ऐकत तांब्या परत घ्यायचं विसरून उभी राहायची, एवढंच.

म्हणून आबा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग पुन्हा. दर वेळी शेवटचा गडी वाकायचा, पानं अंथरायचा, समोर बघायचा, आणि दर वेळी आबांना वाटायचं, आणखी एकदा पाहिलं म्हणजे नक्की होईल.

एका सकाळी बेबाबाई चुलीपुढे भाकरी थापत असताना ते तिच्याजवळ येऊन बसले.

"पोरगा जिता हाये," ते म्हणाले.

तिचे हात परातीतच राहिले. तव्यावरची भाकरी करपायला लागली तेव्हा आबांनीच ती उलटली.

"कोनं सांगितलं?"

"मी पाह्यला." आणि मग सिनेमा, पार्टी, किटलीतली दारू, केळीचे घड, हे सगळं त्यांनी सांगितलं. असं काही आपल्या तोंडून कधी निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. बेबाबाईनं त्यातलं काहीच विचारलं नाही.

"वाळला का तो?"

"नही. खांदा भरला हाये चांगला."

तिनं पदरानं डोळे पुसले, पुढची भाकरी थापली आणि म्हणाली, "मले घेऊन चला."

त्या सिनेमाला बायका जवळजवळ येतच नव्हत्या. टॉकीजमधल्या बायकांच्या बाजूला त्या दिवशी बेबाबाई आणि दोन शहरी मुली एवढ्याच होत्या. आबा पुरुषांच्या बाकांवर, मध्ये लाकडी कठडा. तिच्याशी बोलायची सोय नव्हती. तिनं बरोबर जागी पाहिलं की नाही, या काळजीत आबांनी त्या दिवशी पडद्याकडे पाहिलंच नाही, कठड्यापलीकडेच पाहिलं. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता. बाजा सुरू झाला आणि पलीकडे बांगड्या वाजल्या, एवढं कळलं.

बाहेर आल्यावर ती टॉकीजच्या भिंतीला टेकून उभी राहिली. समोर सिनेमाची मोठी पाटी होती, तिच्यावर कप उंचावलेली नटी.

"खालती पानं टाकली त्यानं," बेबाबाई म्हणाली. "एवढ्या गोंधळात."

"हो."

"ज्यानं हा सिनेमा काढला त्याच्या लेकराबाळाचं बरं होवो." तिनं पाटीकडे बघून हात जोडले. शेजारून जाणारी दोन पोरं एकमेकांना कोपर मारून हसली.

गावात बोलणं सुरू झालंच होतं, आता ते उघड झालं. म्हातारपणी उखर्डूआबांना चळ लागला. स्वतः जातात ते जातात, बायकोलाही नेतात. पारावरची पोरं ते दिसले की त्या नाचाची चाल शिट्टीवर वाजवायची. आबांना खरं सांगता आलं असतं, पण मग काय झालं असतं तेही त्यांना कळत होतं. लीलाधर पार्टीच्या सिनेमात आहे, एवढंच लोकांनी ऐकलं असतं. आपल्या नावाला डाग लागला तर लागू दे, असं म्हणून ते गप्प राहिले.

पण प्रश्न त्यांच्या एकट्याच्या नावाचा नव्हता. त्यांच्या मुलीचं, सुंदरचं, लग्न भडगावकडच्या जीवराम पाटलांच्या मुलाशी ठरत आलं होतं. घर गिरणाकाठचं, माणसं सरळ. जीवरामदादा तारीख धरायला आले ते वाटेत तोतारामांकडे थांबून आले. ओसरीवर बसले, पाणी प्याले, आणि आडवळण न घेता आपल्या अहिराणीत म्हणाले,

"उखर्डूभाऊ, मी काही आयकी उनू. खरं शे का?"

"काय आयकलं?"

"तो सिनेमा. तुम्ही रोज जातस म्हने."

आतल्या दाराआड बांगड्या थांबल्या. सुंदर तिथं उभी होती हे आबांना माहीत होतं.

"जातो," आबा म्हणाले. "उद्या तुम्ही संगं चला. पाहा, अन मंग काय ठरवायचं ते ठरवा. मी रागावनार नही."

जीवरामदादांनी थोडा विचार केला आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दोघं शेजारी बसले. सिनेमा सुरू झाला. किटल्या आल्या, झबली आली, भिकारी आले. जीवरामदादांचा चेहरा कडू होत गेला. एकदोनदा त्यांनी आबांकडे तिरक्या नजरेनं पाहिलं, तर आबा चक्क पेंगत होते. नट्या समोर गिरक्या घेत होत्या आणि या माणसाची हनुवटी छातीवर टेकली होती. मग खोटी विहीर आली, कडबा आला, आणि आबा कुणी हाक मारावी तसे ताठ झाले.

गडी एकामागून एक आले. जीवरामदादांची स्वतःची केळी नव्हती, पण माल कसा वाहतात हे त्यांना कळत होतं. त्यांना हसू आलं. मग शेवटचा गडी आला आणि ते हसायचे थांबले. हा आपल्यातला, त्यांच्या मनात आलं. ते आबांना तसं सांगायला वळले. आबांचे दोन्ही हात मांडीवरून उचलले गेले होते, तळवे वर, बोटं पसरलेली. पडद्यावरचा गडी घड खाली उतरवत गेला तसे ते हात हळूहळू खाली येत गेले.

बाजा सुरू झाला. दोघंही उठून बाहेर आले. टॉकीजसमोरच्या हॉटेलात ते बाकावर बसले. जीवरामदादांनी मागवलेला चहा समोर आला.

"तो शेवटला," मग ते म्हणाले. "कोन शे तुमना?"

"लीलाधर. सुंदरचा मोठा भाऊ." आबांनी कप उचलला आणि पुन्हा ठेवला. "मी मारलं व्हतं त्याले. तवापासून गेला. जिता हाये का मेला, कळत नव्हतं."

जीवरामदादांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. चहा पिऊन होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. बशी खाली ठेवून त्यांनी मिशी पुसली.

"मी चैतनी तारीख धराले उन्हतू," ते म्हणाले. "चैत नको. वैशाख धरूत."

आबांचा चेहरा उतरला. तारीख पुढे ढकलणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं.

"लगनमा नवरदेवना कान पिळाले नवरीना भाऊ लागस," जीवरामदादा म्हणाले. "त्याले शोधाले तुमले थोडा येळ लागी."

आबांनी जीवरामदादांचा हात दोन्ही हातांत धरला आणि हॉटेलातल्या सगळ्यांच्या देखत तो कपाळाला लावला. जीवरामदादा संकोचून इकडेतिकडे पाहू लागले.

त्यांनीच मग आबांना रतिलालभाईंकडे नेलं. रतिलालभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"आबा, मला आधी सांगायचंत ना. सिनेमाच्या रिळांच्या पेट्यांबरोबर कंपनीचा माणूस आलेला आहे, वरच बसतो."

कंपनीचा माणूस खाली आला. चष्मा लावलेला, घाईतला. केळीचे घड म्हटल्यावर त्याला लगेच आठवलं.

"ते नट नाहीत हो. आमच्या डायरेक्टरसाहेबांना खोटी केळी चालेनात. लॉरी पाठवून भायखळ्याच्या बाजारातून खरी आणवली, आणि माणसं कमी पडली म्हणून उचलणारी पोरंही तिथलीच घेतली. त्यातला एक फार चांगला होता. साहेब म्हणाले, याला सगळ्यांच्या शेवटी ठेवा, म्हणजे आधीच्यांची फजिती दिसेल. एका दिवसाचं काम. संध्याकाळी लॉरीनं परत सोडलं त्यांना." तो थांबला. "आपल्या जळगावचीच केळी येतात तिथं, वॅगनी भरून."

आबांनी हे दोनदा विचारून घेतलं. मग ते टॉकीजच्या पायरीवर बसले. गेली दोन वर्षं त्यांच्या बागेतला माल जळगावच्या मालधक्क्यावर वॅगनमध्ये भरला जात होता आणि तो मुंबईत पोचतो, याच्यापुढे त्यांनी कधी विचार केला नव्हता.

तोतारामांच्या अर्जाचं काय झालं ते कुणाला कळलं नाही. तो आठवडा संपला, सिनेमाच्या पेट्या धुळ्याला गेल्या, आणि तोतारामांनी आपण सिनेमा बंद पाडल्याचं पारावर जाहीर केलं. आबा त्या वेळी तिथं नव्हते. ते आणि बेबाबाई मुंबईच्या गाडीत बसले होते.

भायखळ्याच्या बाजारात सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कोबीच्या पानांचा चिखल, हातगाड्या, माणसांचे ओरडे. केळीची बाजू वासावरून सापडली. एक लॉरी मागचा फळा उघडून उभी होती, आत कडबा आणि पानांत रचलेले घड. वर उभा असलेला गडी एकेक घड उचलून खाली रांगेतल्या हमालांच्या खांद्यावर देत होता.

बेबाबाईनं त्याला आधी पाहिलं. तिनं आबांच्या दंडाला हात लावला.

"जा तुम्ही," ती म्हणाली.

आबा दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. हाक मारायची तर कोणत्या तोंडानं, हा विचार सगळ्या प्रवासात त्यांच्या मनात होता आणि त्याचं उत्तर अजून मिळालं नव्हतं. समोर रांग सरकत होती. आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याची घडी केली, पुन्हा खांद्यावर नीट बसवली, आणि ते रांगेत जाऊन उभे राहिले. मागच्या हमालानं या म्हाताऱ्याकडे नवलानं पाहिलं.

त्यांची पाळी आली. वरच्या गड्यानं घड उचलला, वाकला, आणि खाली न पाहताच तो उपरण्यावर आडवा निजवला. मग सवयीप्रमाणे खांद्याची घडी सरकली तर नाही ना, हे पाहायला त्यानं मान वाकवली.

घडाचा भार खांद्यावर येता येता थांबला. वरच्यानं तो सोडलाच नाही.

"चला, चला," मागून कुणीतरी म्हणालं. "रांग खोळंबली."

"बा," वरून आवाज आला, अगदी हळू. "खांदा दुखंल तुमचा."

"दे," उखर्डूआबा म्हणाले. "सोड. मी धरला हाये."